गॅसची शेगडी की इंडक्शन: या निवडीमागचा दोनशे वर्षांचा इतिहास

जुनी शेगडी बदलायची वेळ आली की गॅस ठेवावा की इंडक्शन घ्यावे, हा प्रश्न हमखास पुढे येतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा सवयीवरून दिले जाते. ज्यांचा हात ज्योतीवर बसलेला आहे त्यांना ज्योत दिसल्याशिवाय आचेचा अंदाज येत नाही. ज्यांनी इंडक्शन वापरून पाहिले आहे त्यांना गॅसभोवती तापणारी हवा आणि बर्नरखालचा चिकटा नकोसा होतो. दोन्ही बाजूंचे अनुभव खरे आहेत. मात्र यातले बरेचसे गुणदोष त्या त्या शेगडीच्या जन्मकथेतच दडलेले आहेत आणि ती कथा ठाऊक असली की निवड करणे पुष्कळ सोपे जाते.

गॅस घरात आला तो स्वयंपाकासाठी नव्हे, उजेडासाठी. विल्यम मर्डॉक यांनी १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधील रेडरूथ येथे आपले घर दगडी कोळशापासून काढलेल्या वायूने उजळले आणि १८१२ मध्ये लंडनला सार्वजनिक गॅसपुरवठा करणारी कंपनी सनद घेऊन उभी राहिली. त्याच वायूवर अन्न शिजवता येईल, हे लवकर लक्षात आले होते. आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराव्हिया प्रांतात त्साखेउस विन्त्झलर यांनी १८०२ मध्येच गॅसवर शिजवलेल्या मेजवान्या दिल्या होत्या. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन येथे गॅस कारखान्यात काम करणाऱ्या जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये गॅसच्या शेगडीचे पेटंट घेतले आणि दहा वर्षांनी तिचा कारखाना काढला. लंडनच्या रिफॉर्म क्लबात १८४१ मध्ये आलेक्सी स्वाये या नामवंत आचाऱ्याने गॅसवर चालणारे स्वयंपाकघर थाटले आणि आच हवी तेवढी कमीजास्त करता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण लोकांना दाखवून दिला.

एवढे होऊनही घरोघरी गॅसची शेगडी पोहोचायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे गेली. त्याचे कारण शेगडीत नव्हते. गॅस कंपन्यांचा मुख्य धंदा दिव्यांवर चालत होता आणि दिवसा नळांत पडून राहणाऱ्या वायूची त्यांना फारशी फिकीर नव्हती. १८८० च्या दशकात विजेच्या दिव्यांनी हा धंदा धोक्यात आणला, तेव्हा कंपन्यांनी आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. शेगड्या भाड्याने देण्यात आल्या, नाणे टाकून चालणारे मीटर बसवले गेले आणि ज्या घरांना पूर्वी गॅसजोडणी परवडत नव्हती त्यांच्यापर्यंत नळ पोहोचले. विजेमुळेच गॅस चुलीच्या जागी आला, हे आजच्या वादात सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

ज्योतीचे रूपही याच काळात बदलले. रॉबर्ट बुन्सेन यांच्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास जो बर्नर तयार झाला, त्यात वायू पेटण्यापूर्वीच त्यात हवा मिसळली जात असे. त्यामुळे काजळी धरणाऱ्या पिवळ्या ज्योतीऐवजी स्वच्छ निळी ज्योत मिळू लागली. आजच्या प्रत्येक गॅस शेगडीचा बर्नर याच तत्त्वावर चालतो. बर्नरची भोके बुजली किंवा हवेची वाट अडली की ज्योतीची टोके पिवळी होतात आणि भांड्याचे बूड काळे पडते, ते हवेचे प्रमाण बिघडल्यामुळे.

कोळशापासूनच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असे, त्यामुळे न पेटलेला गॅस खोलीत पसरणे जिवावर बेतत असे. नैसर्गिक वायू आल्यावर हा विषारीपणा गेला, पण स्फोटाची भीती राहिली, कारण मूळच्या नैसर्गिक वायूला वासच नसतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथे १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० जणांचा, मुख्यतः मुलांचा, बळी गेला. त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. गळती झाल्यावर नाकाला झोंबणारा तो वास या मुलांच्या मृत्यूनंतर आपल्या घरात आला आहे, याची आठवण ठेवली पाहिजे.

सिलिंडरमधल्या गॅसचा उगम वेगळा आहे. अमेरिकी रसायनतज्ज्ञ वॉल्टर स्नेलिंग १९१० च्या सुमारास गॅसोलीनमधून उडून जाणाऱ्या वाफांचा अभ्यास करत होते. बाटलीचे बूच पुन्हा पुन्हा उडत होते आणि ते उडवणारा वायू मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन असल्याचे त्यांनी शोधून काढले. थोड्याशा दाबाखाली हे वायू द्रवरूप होतात, त्यामुळे जिथे नळ पोहोचत नाहीत तिथेही ज्योत पोहोचू शकली.

ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या वायूकडून नैसर्गिक वायूकडे केलेली वाटचाल मला या सगळ्या इतिहासात फार बोलकी वाटते. नैसर्गिक वायूची उष्णता जुन्या वायूच्या दुपटीहून अधिक, पण त्यात हायड्रोजन नसल्याने त्याची ज्योत सावकाश सरकते आणि जुन्या बर्नरवर ती उचलली जाऊन विझते. म्हणून घराघरांत जाऊन सुमारे ४ कोटी उपकरणांचे बर्नर आणि जेट, म्हणजे बर्नरला वायू सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलावे लागले. वायू बदलला की शेगडी बदलावी लागते, हा नियम आजही लागू आहे. सिलिंडरसाठी बनवलेली शेगडी नळाच्या गॅसवर चालवायची झाली तरी जेट बदलावेच लागतात.

आता विजेकडे वळू. विजेवर शिजवण्याचे पहिले प्रयोग १८९० च्या दशकातले, पण तापणारी तार टिकत नसे. अल्बर्ट मार्श यांनी निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट १९०६ मध्ये मिळवले आणि लालबुंद तापूनही न जळणारी तार मिळाली. तिच्यावर बेतलेल्या विजेच्या शेगड्या मंद असत. तापायला वेळ, बंद केल्यावर निवायला त्याहून जास्त वेळ. विजेवरचा स्वयंपाक म्हणजे वैताग, हा समज त्या शेगड्यांनी रुजवला आणि त्याची झळ पुढे इंडक्शनला विनाकारण लागली, कारण इंडक्शनमध्ये तापणारी तार मुळी नसतेच.

इंडक्शनचे मूळ १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लावलेल्या शोधात आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. धातूच्या पत्र्यात हे प्रवाह पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे फिरतात आणि धातूच्या रोधामुळे, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यामुळे, पत्रा तापतो. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते आणि तिच्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. उष्णता थेट भांड्याच्या बुडात तयार होते. काच तापते ती भांड्याच्या स्पर्शाने. अमेरिकेत १९५० च्या दशकात एका मोटार कंपनीच्या फ्रिजिडेअर विभागाने लोकांसमोर शेगडी आणि भांडे यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून पाणी उकळून दाखवले होते. कागद जळाला नाही. या साध्या प्रयोगाइतके इंडक्शनचे मर्म क्वचितच कोणी नेमके सांगितले असेल.

तरी ते यंत्र विक्रीला आले नाही. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या दोन्ही स्वयंपाकघराबाहेर घडल्या. पहिली, वर बसवायचा पृष्ठभाग. कॉर्निंग कंपनीचे संशोधक डोनाल्ड स्टूकी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेची एक पट्टी ६०० अंश सेल्सिअसला तापवणार होते, पण भट्टी बिघडून ९०० अंशांवर गेली. आत वितळलेल्या काचेचा गोळा सापडेल असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात पांढरी, अपारदर्शक पट्टी मिळाली आणि चिमट्यातून निसटून ती जमिनीवर पडली तेव्हा तुटण्याऐवजी खणखणली. ही काच-सिरॅमिकची सुरुवात. पुढे याच जातीच्या, तापल्यावर जवळजवळ न प्रसरणाऱ्या तक्त्या शेगड्यांवर बसू लागल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे एवढ्या वेगाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्वस्त, टिकाऊ विद्युत-स्विच. वेस्टिंगहाउस कंपनीने १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या प्रदर्शनात इंडक्शन शेगडी मांडली आणि १९७३ पासून थोड्या संख्येने विकली. तिच्यातले ट्रान्झिस्टर मोटारींच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी घडवलेल्या जातीचे होते. शेगडी उत्तम होती, पण महाग आणि नाजूक ठरली आणि दोन-तीन वर्षांत तिचे उत्पादन थांबले. १९८० च्या दशकात जयंत बालिगा यांच्या कामातून पुढे आलेला आयजीबीटी नावाचा स्विच सर्रास मिळू लागला, तेव्हा कुठे आजची सुटसुटीत इंडक्शन शेगडी शक्य झाली.

भांड्यांची अडचणही याच भौतिकीतून येते. लोखंड, बीड किंवा चुंबकाला चिकटणारे स्टेनलेस स्टील यांत प्रवाह पृष्ठभागाच्या अवघ्या दशांश मिलिमीटरच्या थरात दाटतो, त्यामुळे रोध वाढतो आणि भांडे जोरात तापते. तांबे व अॅल्युमिनियम यांत तो चौपट-पाचपट खोल पसरतो आणि त्यांचा मूळचा रोधही कमी, म्हणून साध्या इंडक्शनवर ती भांडी तापत नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहणे, ही परीक्षा पुरेशी आहे. गोल बुडाची भांडी मात्र चुंबकाला चिकटली तरी सपाट काचेवर नीट तापत नाहीत. ज्यांचा स्वयंपाक अशाच भांड्यांवर चालतो, त्यांनी गॅस ठेवण्यात काहीही वावगे नाही.

आणखी एक बारकावा खरेदीपूर्वी तपासण्यासारखा आहे. बऱ्याच स्वस्त इंडक्शन शेगड्या मंद आच देताना खरोखर मंद होत नाहीत, त्या काही सेकंद पूर्ण जोरात चालतात आणि काही सेकंद बंद राहतात. माझ्याकडची पहिली शेगडी अशीच होती. पाणी खळखळून उकळायचे, मग एकदम शांत व्हायचे, पुन्हा खळखळायचे. गॅसची बारीक ज्योत अखंड राहते आणि या एका बाबतीत ती अशा शेगड्यांपेक्षा निश्चितच सरस आहे.

हवेचा प्रश्न चर्चेत आला तो १९७० च्या दशकात. ज्योतीच्या तापमानाला हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. १९७७ मध्ये ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या पाहणीत गॅसवरचा स्वयंपाक आणि श्वसनाचे विकार यांचा संबंध मांडला गेला. २०१३ मध्ये ४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील मुलांमध्ये दम्याची शक्यता ४२ टक्क्यांनी अधिक आढळली. हा संबंध आहे, कार्यकारणाचा अखेरचा पुरावा नव्हे. तरीही घरात दमेकरी मूल असेल तर मी हा मुद्दा सर्वांत वर ठेवीन. तेलाचा धूर इंडक्शनवरही होतोच, त्यामुळे बाहेर हवा फेकणारा पंखा दोन्हीकडे लागतो.

ऊर्जेच्या बाबतीत फरक ठळक आहे. गॅसची साधारण ३५ ते ४५ टक्के उष्णता भांड्यात जाते, बाकीची खोली तापवते. इंडक्शनमध्ये सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक ऊर्जा भांड्यात उतरते. पण चार जागांची इंडक्शन शेगडी एका वेळी ७ किलोवॉटपर्यंत वीज ओढू शकते आणि तेवढा भार जुन्या घरांतील तारांना झेपत नाही. शंभर वर्षांपूर्वी गॅसचा नळ दारात आला आहे का, यावर शेगडी ठरत असे. आज मीटरपासून ओट्यापर्यंत आलेली तार किती जाडीची आहे, हे आधी पाहावे लागते. अलीकडे काही इंडक्शन शेगड्यांत बॅटरी बसवलेली असते. ती दिवसभर साध्या सॉकेटवरून हळूहळू भरते आणि स्वयंपाकाच्या वेळी तारेला न झेपणारी शक्ती स्वतःच्या साठ्यातून पुरवते.