दहा वंश खरंच गायब झाले?

बायबलमधला इस्राएलचा राजा शलमोन याच्यानंतर राज्य फुटलं: उत्तरेत इस्राएलचे दहा वंश, दक्षिणेत यहूदाचं राज्य. उत्तरेत यराबाम राजाने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं बसवली, पुढच्या राजांनी तोच कित्ता गिरवला, आणि इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूर साम्राज्याने उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली. इथवर ठीक. पण ‘दहाही वंश उचलून नेले, ते जगातून नाहीसे झाले’ ही पुढची गोष्ट फुगवलेली आहे. अश्शूरचा राजा सारगोन स्वतःच्या शिलालेखात कैदी मोजतो २७,२९०. बढाईखोर राजा आकडा कमी कशाला सांगेल? बरेच जण तिथेच राहिले, काही दक्षिणेला यहूदात गेले. बायबलमध्येच पुढे यहूदाचा राजा हिज्कीया उत्तरेतल्या एफ्राइम, मनश्शे या वंशांच्या लोकांना वल्हांडण सणाला बोलावतो. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) समाजाचे लोक आजही वल्हांडण पाळतात, आणि स्वतःला त्याच वंशांचे म्हणवतात.