म्हैस उड!

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सोलापुरात सकाळच्या वर्तमानपत्रातून शिबिरांची पत्रकं गळायला लागतात. अबॅकस, हस्ताक्षर, नृत्य, स्केटिंग आणि यांच्या जोडीला कधी कधी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’. मुलाचा मध्यमेंदू जागा करून देतो, मग ते डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचेल, रंग ओळखेल, अभ्यासात पुढे जाईल, असा दावा असतो. फी काही हजारांत. पोटाला चिमटा काढून ती भरणारे पालक मी पाहिले आहेत, म्हणून हा लेख.

मध्यमेंदू कुणाचाच झोपलेला नसतो. मेंदूच्या बुंध्याच्या वरच्या टोकाशी असलेला हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग जन्मापासून कामावर असतो. आवाज आला तिकडे डोळे वळवणं, उजेडात बाहुली आकसणं ही त्याची कामं. त्याला मोठी इजा झाली तर मूल अभ्यासात मागे पडत नाही, बेशुद्ध पडतं. पट्टीचं म्हणाल तर नाकाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या फटीतून खाली धरलेलं पुस्तक स्वच्छ दिसतं. ती फट नीट बुजवली की वाचन थांबतं, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी दाखवून दिलेलं आहे. मला पैशांहून जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. सहा-सात वर्षांच्या लेकराला आपण फटीतून बघतोय हे ठाऊक असतं. समोर आईबाबा टाळ्या वाजवत असतात. खरं सांगायची त्याची वाटच बंद होते.

मध्यमेंदूला आणि त्याच्या वर पसरलेल्या मोठ्या यंत्रणेला भरपूर काम देणारा खेळ आपल्या घरात आधीपासून आहे. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला की अकरा ते पाच लेकरांना बाहेर सोडता येत नाही. तेव्हा फरशीवर चादर अंथरायची, गोल करून बसायचं, प्रत्येकानं एक बोट खाली टेकवायचं. राज्य ज्याच्यावर तो म्हणणार, “चिमणी उड!” सगळी बोटं वर. “कावळा उड!” वर. “पोपट उड!” वर. “म्हैस उड!” आणि कुणाचं तरी बोट वर जातंच. मग हशा, आणि ते मूल बाद.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत याच खेळाला ‘गो / नो-गो’ चाचणी म्हणतात. पडद्यावर बरीच चित्रं अशी येतात की बटण दाबायचं, अधूनमधून एक असं येतं की दाबायचं नाही. ‘नाही’वाली चित्रं मुद्दाम कमी ठेवतात, कारण सलग होकार मिळाले की हात आधीच तयार होऊन बसतो आणि त्याला आवरणं अवघड जातं. चार पक्षी सलग उडवून मग म्हैस आणणारी आजी नेमकं तेच करते. शिवाय ती एक जास्तीची खोडी काढते: म्हैस म्हणताना स्वतःचं बोट उचलते. समोरच्याची हालचाल पाहून तीच हालचाल करण्याची ओढ माणसात असते. म्हणजे मुलाला एकाच क्षणी दोन ओढी आवराव्या लागतात, लयीची आणि नकलेची.

आता बोट थांबतं कसं, ते पाहू. हा भाग मला फार आवडतो, त्यामुळे जरा सावकाश.

मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा केंद्रांचा समूह आहे. त्याचं बाहेर जाणारं टोक एरवी सतत ‘थांब, थांब’ असा संदेश थॅलॅमस या दुसऱ्या केंद्राकडे पाठवत असतं. हालचाल व्हायची तर हा संदेश घटकाभर बंद पडावा लागतो. मेंदूच्या सालीकडून, म्हणजे कॉर्टेक्सकडून, आज्ञा निघते. ती स्ट्रायाटम या केंद्रात पोहोचते. स्ट्रायाटम त्या टोकाला गप्प करतं, थॅलॅमस मोकळा होतो आणि बोट उचललं जातं. हालचाल म्हणजे आधीपासून लावलेला रोध काढून घेणं. स्ट्रायाटमला किती चटकन राजी करायचं हे ठरवण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो, आणि ते डोपामिन पाठवणाऱ्या पेशी असतात मध्यमेंदूत. या पेशी झिजल्या की पार्किन्सनचा आजार होतो, माणसाला साधी हालचाल सुरू करणं जड जातं. चिमणी उडताना प्रत्येक मुलाचा मध्यमेंदू असा राबत असतो.

म्हैस आली की दुसरी वाट उघडते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडून, मुख्यतः उजव्या बाजूनं, एक संदेश स्ट्रायाटमला वगळून थेट सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मसुराएवढ्या केंद्राकडे जातो. तिथून बेसल गँग्लियाच्या त्या टोकाला जोराची चेतना मिळते आणि ‘थांब’चा संदेश पुन्हा कडक होतो. वाटेत टप्पे कमी, म्हणून ही वाट वेगवान. तरीही उशीर होऊ शकतो, कारण ‘उचल’ची आज्ञा आधीच निघालेली असते. दोन्ही आज्ञांची शर्यत लागते, जी आधी पोहोचेल ती जिंकते. लोगन आणि कोवन या संशोधकांनी १९८४ मध्ये ही शर्यत गणितात मांडली.

यात एक पेच आहे. उचलण्याला लागलेला वेळ घड्याळानं मोजता येतो. पण थांबणं यशस्वी झालं तर काहीच घडत नाही, मग त्याचा वेळ मोजणार कसा? उत्तर चुकांमध्ये सापडतं. समजा, खूण दिसल्यापासून बटण दाबायला एखाद्याला साधारण ५०० मिलिसेकंद लागतात. मधूनच खुणेनंतर ‘थांब’चा बीप वाजवायचा. बीप लवकर आला तर तो थांबेल, उशिरा आला तर चुकेल. बीपची वेळ मागेपुढे करत असा क्षण शोधायचा की निम्म्या वेळा तो थांबतो आणि निम्म्या वेळा चुकतो. तो क्षण खुणेनंतर २५० मिलिसेकंदांवर निघाला, तर त्या ठिकाणी शर्यत बरोबरीत सुटते आहे, म्हणजे थांबायला त्याला ५०० वजा २५०, साधारण २५० मिलिसेकंद लागतात. न घडलेल्या गोष्टीचं माप असं निघतं! निरोगी तरुण माणसात ते बहुधा २०० ते २५० मिलिसेकंदांच्या आसपास येतं. लहान मुलांत ते बरंच जास्त असतं आणि वयाबरोबर कमी होत जातं, कारण प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा मेंदूचा सर्वांत सावकाश पिकणारा भाग आहे. त्याची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू राहते.

आता घरातलं नेहमीचं वाक्य आठवा: “किती वेळा सांगितलं, तुला कळत नाही का?” कळतं. कळणं आणि थांबणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांनी तीन वर्षांच्या मुलांना पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायला दिले, मग म्हणाले, आता आकाराप्रमाणे लाव. बहुतेक मुलं रंगाप्रमाणेच लावत राहिली. नवा नियम काय, असं विचारलं तर मात्र बरोबर सांगत होती! तोंडाला नियम पाठ, हात जुन्याच वाटेवर. साधारण पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हे जमू लागतं. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांना तर असं दिसलं होतं की, तीन-साडेतीन वर्षांचं मूल स्वतः “दाबू नको” म्हणतानाच बटण दाबतं. त्या वयात शब्दाचा अर्थ मागे राहतो, शब्दाचा धक्का आधी लागतो. त्यांच्या निष्कर्षांचे सगळे तपशील पुढच्या प्रयोगांत तसेच्या तसे निघाले नाहीत. तरी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर “पळू नको!” ऐकून आणखी जोरात पळणारं पोरगं पाहिलं की मला लुरिया आठवतात. “माझा हात धर, हळू चाल” हे सांगणं त्या वयाला झेपतं, कारण त्यात आवरायचं काही नाही, करायचं आहे.

आणि ओरडल्यानं काय होतं? भीती वाटली की मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन यांची पातळी एकदम चढते. ही रसायनं बेताची असतात तोवर प्रीफ्रंटल कॉर्टेक्स छान चालतो, फार झाली की त्याचं जाळं ढिलं पडतं आणि जुन्या, सवयीच्या केंद्रांचं राज्य सुरू होतं. मेंदूशास्त्रज्ञ ॲमी आर्नस्टन यांचं अनेक वर्षांचं संशोधन याच विषयावर आहे. म्हणजे धपाटा घालून आपण मुलाकडून ज्या भागाचं काम मागतो, तोच भाग त्या क्षणी दुबळा करून ठेवतो. म्हैस उडवलेल्या मुलाला सगळे हसतात, तेही हसतं, पुढच्या डावात पुन्हा बसतं. चुकूनही सुरक्षित राहता येतं, हे या खेळाचं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

थांबण्याला आणखी एक बाजू आहे, ती मोठ्यांच्या वागण्यातून येते. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी केलेला मार्शमॅलोचा प्रयोग समाजमाध्यमांवर फार फिरतो: आत्ता ही एक मऊ, गोड गोळी खा, किंवा थोडं थांबलास तर दोन. थांबलेली मुलं पुढे यशस्वी झाली, असं त्यावरून सांगतात. २०१८ मध्ये सुमारे ९०० मुलांवर तो संबंध पुन्हा तपासला, तेव्हा घरची परिस्थिती वगैरे लक्षात घेतल्यावर तो बराच विरला. मला जास्त महत्त्वाचा वाटतो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा छोटा प्रयोग, २८ मुलांवरचा. निम्म्या मुलांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून खरोखर दिले, निम्म्यांना नुसतंच सांगितलं, दिले नाहीत. मग गोळीची परीक्षा. दिलेला शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटं. त्या दुसऱ्या मुलांमध्ये संयम कमी नव्हता, त्यांचा हिशेब बरोबर होता. संक्रांतीला “रविवारी गड्ड्याच्या जत्रेला नेतो, आता गप्प बस” म्हणून रविवार टाळणाऱ्या घरात लेकरानं का थांबावं?

हे खेळून मूल गणितात पहिलं येईल, असं मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीचा सराव केला तिच्यात आणि तिच्या आसपास सुधारणा दिसते, दूरच्या विषयात ती फारशी पोहोचत नाही, असाच आजवरचा कल आहे. मेंदूच्या व्यायामाचं ॲप विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’ला अवाजवी दाव्यांबद्दल अमेरिकेत २०१६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले.

तीन वर्षांच्या मुलाला बाद करू नका, नुसतं खेळू द्या. चौथ्या-पाचव्या वर्षी ‘तळ्यात-मळ्यात’ घ्या. “तळ्यात, मळ्यात, तळ्यात, तळ्यात!” यातली दुसरी सलग ‘तळ्यात’ म्हणजे तिथली म्हैसच. ते जमलं की उलटा नियम लावा: तळ्यात म्हटलं की मळ्यात उडी. अमेरिकेत मेगन मॅकलेलँड यांच्या गटानं मुलांच्या स्वनियंत्रणाची जी चाचणी बसवली, तिची कल्पना हीच आहे: डोक्याला हात लाव म्हटलं की पायाला लावायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत पक्ष्यांची नावं भाषा बदलत घ्या. चिमणी, पिच्चुक, गुब्बी, कावळा, काकि, कागे, आणि मधेच एम्मे, म्हणजे कन्नड म्हैस. आजीआजोबांनाही घाम फुटतो.

सहाव्या-सातव्या वर्षी राज्य मुलावर द्या. आता त्याला उडणारे आणि न उडणारे डोक्यात वेगळे ठेवायचे असतात, समोरचा कशानं फसेल हे ताडायचं असतं आणि स्वतःचं बोट मुद्दाम खोटं उचलायचं असतं. भांडणं होतील. मोर उडतो, झाडावर चढून बसण्यापुरता का होईना. कोंबडी भिंत ओलांडते. वटवाघूळ उडतं, पण पक्षी नाही. शहामृग नाही उडत. “माळढोक उड!” म्हटल्यावर बोटं वर गेलीच पाहिजेत: नान्नजच्या अभयारण्याला ज्याच्यामुळे ओळख मिळाली त्या पक्ष्याचा नर १५ किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते, आणि तरी तो उडतो.