एका रात्रीत भरणाऱ्या जखमा : विश्रांतीच्या नियमांची पार्श्वभूमी

रत्नागिरीतील आमचा पाच जणांचा गट पावसाळ्यातल्या रविवारी पडवीत बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा नियमपुस्तके आणि फासे घेऊन काल्पनिक पात्रांची साहसे रंगवण्याचा खेळ खेळतो, तेव्हा हमखास वाद होतो तो झोपेवरून. भाल्याने छाती फुटलेला योद्धा एक रात्र झोपून सकाळी ठणठणीत कसा उठतो, हा प्रश्न नवा खेळाडू विचारतोच.

त्याचे उत्तर शोधताना आधी ‘हिट पॉइंट’, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते ते मोजणारे गुण, कोठून आले हे पाहावे लागते. या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम (एकाच काल्पनिक जगात चालणारी खेळांची मालिका) चालवताना ही कल्पना अमेरिकी यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या युद्धखेळातून घेतली, असे त्यांनीच सांगितले आहे. गलबत गोळे खात हळूहळू निकामी होते आणि त्याची डागडुजी बंदरात, सवडीने होते. किनाऱ्यावरच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पहिल्या नियमांत माणसाचीही डागडुजी अशीच सवडीची होती. १९७४ च्या मूळ नियमांनुसार पूर्ण विश्रांतीच्या पहिल्या दिवशी काहीच भरून येत नसे आणि त्यानंतर दिवसाआड एक पॉइंट मिळे, म्हणजे बारा पॉइंट गमावलेले पात्र जवळजवळ पंचवीस दिवस पेज पीत पडून राही. दुसरे जनक गॅरी गायगॅक्स यांच्या १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकाने दिवसाला एक पॉइंट दिला आणि सलग चार आठवड्यांच्या विश्रांतीनंतर कोणतेही पात्र पूर्ण बरे होईल असे ठरवले. त्याच पुस्तकात मोहिमेच्या काळाची काटेकोर नोंद ठेवण्याचा आग्रह आहे, आणि तो रास्त होता, कारण तेव्हा एकाच जगात अनेक खेळाडूंची अनेक पात्रे वावरत आणि एकाचे पात्र अंथरुणात असताना दुसऱ्याचे मोहिमेवर निघून जाई.

मात्र या रचनेत पहिल्यापासून दोन घड्याळे होती, आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास त्यांच्या विसंगतीतून घडला. शरीर आठवड्यांनी भरून येई, पण खर्च झालेले मंत्र दुसऱ्या दिवशी परत मिळत. मूळ नियमांत पहिल्या पातळीच्या (अनुभवाने चढत जाणाऱ्या पायरीच्या) क्लेरिकला, म्हणजे मंत्रांनी जखमा भरणाऱ्या पुरोहित-पात्राला, मंत्रच नसे. तो एकदा मिळू लागला, की गट तळ ठोकून बसे, क्लेरिक रोज आपले मंत्र जखमींवर खर्च करी, आणि महिन्याची विश्रांती चार-पाच दिवसांत उरके. नियमातला महिना कागदावरच राहिला. क्लेरिक खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र परिचारिकेचे काम आले, आणि ते कोणाला नको असे.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने अंथरुणातल्या विश्रांतीला दिवसाला तीन पॉइंट दिले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत दिवसाला पातळीच्या आकड्याइतके पॉइंट मिळू लागले. शिवाय ७५० सोन्याच्या नाण्यांत पन्नास वेळा चालणारी उपचाराची कांडी विकत मिळत असल्याने नैसर्गिक विश्रांतीकडे कोणी पाहीना. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ही वस्तुस्थितीच नियम म्हणून मान्य केली : सहा तासांची दीर्घ विश्रांती घेतली की सगळे पॉइंट परत. २०१४ मध्ये हे सहा तास आठ झाले आणि तासाभराच्या ‘शॉर्ट रेस्ट’मध्ये (छोट्या विश्रांतीत) ‘हिट डाइस’ हे पात्राच्या वाट्याचे फासे खर्च करून बरे होण्याची सोय आली. दीर्घ विश्रांतीनंतर यांतले निम्मेच परत मिळत, ती अटही २०२४ च्या नियमांनी काढली. याउलट १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथांवरच्या खेळाने आठवड्याला एक ते तीन पॉइंट एवढाच वेग ठेवला, कारण भयकथेत जखमी माणूस जखमीच राहिलेला बरा.

हिट पॉइंट म्हणजे निव्वळ रक्तमांस नाही, त्यात नशीब आणि कौशल्यही आले, हे गायगॅक्स यांनी १९७९ मध्येच लिहिले होते. तरीही आमच्या नव्या खेळाडूचे समाधान होत नाही. म्हणून आम्ही २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधला पर्यायी नियम घेतला, ज्यात छोटी विश्रांती आठ तासांची आणि दीर्घ विश्रांती सात दिवसांची असते. आमची मोहीम किनाऱ्यावरची आहे. आगोटीला गलबते वर ओढली की नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असतो, त्यामुळे आठवडाभर अंथरुणात पडून राहणे तिथे कोणाला खटकत नाही. अडचण आली ती मंत्रांची : ते परत यायला सात दिवस लागतात, पण जादूगाराचा चिलखत-मंत्र पूर्वीसारखा आठच तास टिकतो, आणि तो किती वाढवायचा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.