कांगारू मादी गर्भ ठरवून थांबवते का?

‘दुष्काळ पडला की कांगारू मादी पोटातला गर्भ थांबवते आणि पाऊस आला की पुन्हा वाढवते’, ही माहिती वर्षानुवर्षे फिरते आहे. गर्भ थांबतो हे खरं. पण दुष्काळामुळे नाही, आणि मादीच्या मर्जीने तर नाहीच.

ऑस्ट्रेलियातल्या लाल कांगारूची मादी व्यायल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा फळते. पिशवीतलं ग्रॅमभरही नसलेलं पिल्लू सडाला चिकटून सतत चोखत असतं. त्या चोखण्याने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवतं, अंडाशयाचं काम दबतं आणि नवा गर्भ शंभरेक पेशींवरच थबकतो. भरपूर गवत असलेल्या वर्षीही हेच घडतं! पिल्लू मोठं होऊन चोखणं कमी झालं, किंवा दुष्काळात दूध आटून ते दगावलं, की थांबलेला गर्भ वाढू लागतो आणि महिनाभरात नवं पिल्लू पिशवीत येतं. म्हणजे दुष्काळात थांबलेला गर्भ उलट वाढीला लागतो. दुष्काळ फारच लांबला, तर मादी माजावरच येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्याच कांगारू आयलंड या बेटावरच्या टॅमर वॉलबीचं (कांगारूच्या छोट्या भाऊबंदाचं) शरीर तर दिवसाची लांबीही हेरतं. तिचा गर्भ जवळपास 11 महिने थांबतो आणि डिसेंबरअखेर (दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो) दिवस लहान होऊ लागले की जागा होतो. पश्चिमी करड्या कांगारूत मात्र गर्भ थांबण्याची ही सोयच नाही.