राणीच्या बागेतील ऐतिहासिक वास्तू

मुंबईत भायखळा पूर्वेला असलेल्या वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालयाच्या आवारात एकोणिसाव्या शतकातील काही इमारती, एक घड्याळ मनोरा आणि निरनिराळ्या ठिकाणांहून आणून ठेवलेली शिल्पे आहेत. मुंबईकर या जागेला आजही ‘राणीची बाग’ म्हणतात. जुने नाव व्हिक्टोरिया गार्डन्स.

इथल्या जुन्या वास्तूंपैकी एकही प्राण्यांसाठी बांधलेली नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने वनस्पती उद्यान म्हणून ही बाग उभी केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. पुढे १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात गेली आणि १८९० मध्ये जागा वाढवून प्राणिसंग्रहालयाची सोय करण्यात आली. वाघ-हत्ती आले तेव्हा वस्तुसंग्रहालय, घड्याळ मनोरा आणि खांबांचा मंडप आपापल्या जागी उभे होते. लोखंडी सळ्यांचे जुने पिंजरे काळाच्या ओघात पाडले गेले, नवे अधिवास बांधले गेले, २०१७ पासून पेंग्विन पाहायला रांगा लागल्या. मूळ उद्यानाची आखणी मात्र या वास्तूंमुळे अजून ओळखता येते.

यांत सर्वांत महत्त्वाची इमारत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची. मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. त्याचा संग्रह १८५०च्या दशकात फोर्ट भागात सुरू झाला होता, पण १८५७च्या धामधुमीत त्याची वाताहत झाली. जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरांनी तो पुन्हा उभा करण्याचा ध्यास घेतला. डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि व्यापारी डेव्हिड ससून यांच्यासारखी मंडळी पाठीशी उभी राहिली, वर्गणी जमली आणि १८६२ मध्ये कोनशिला बसली. इमारत पुरी होऊन २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी उघडली. आजचे नाव १९७५ मध्ये मिळाले, आणि ते सर्वस्वी उचित आहे: इथल्या नागरिकांच्या पैशांवर आणि खटपटीवर उभ्या राहिलेल्या या इमारतीला त्यांच्यातल्याच एका विद्वान डॉक्टरचे नाव हवेच होते.

बाहेरून इमारत पल्लाडियन, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वास्तूंवर बेतलेल्या शैलीतली, संयत आहे. आत गेल्यावर ओतीव लोखंडाचे, माथ्यावर पानांची नक्षी असलेले कोरिंथियन खांब, नक्षीदार कठडे, मिंटन या इंग्रज कंपनीच्या फरशा आणि सोन्याच्या वर्खाने उजळलेले छत दिसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे सारे ओल आणि दुर्लक्षाने काळवंडले होते. महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन जीर्णोद्धार केला. २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २००८ च्या आरंभी संग्रहालय पुन्हा खुले झाले. महापालिकेची जुनी इमारत इतक्या निगुतीने पूर्वपदावर आणता येते, हे मुंबईने इथे पाहिले.

संग्रहालयाजवळचा डेव्हिड ससून घड्याळ मनोरा १८६५ चा आहे. त्याच्यावर कोरलेले चार चेहरे सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार प्रहर दाखवतात. बागेत आत लेडी फ्रिअर यांच्या सन्मानार्थ बांधलेला ग्रीक-रोमन धाटणीचा खांबांचा मंडप आहे. ‘लेडी फ्रिअर टेंपल’ असे त्याचे नाव असले तरी तिथे पूजाअर्चा कधीच नव्हती.

संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती या सर्वांहून कितीतरी जुना. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान निखळून पडली. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. साखळी टिकली असती तर तो आज इंग्लंडात असता. घारापुरीला जाऊन लेणी पाहणाऱ्याने हा हत्ती पाहिल्याशिवाय ती सहल पुरी झाली असे समजू नये.

स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांतून हलवलेले राजेशाही पुतळेही इथेच आले. फोर्टमधल्या ‘काळा घोडा’ परिसराला ज्याच्यावरून नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथे आणला गेला.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला, तेव्हा जुनी झाडे आणि उद्यानाची मूळ रचना नष्ट होईल म्हणून नागरिकांनी जोरदार विरोध केला व आराखड्यात बदल करावे लागले. गोरखचिंचेसारख्या दुर्मीळ वृक्षांच्या सावलीतच या वास्तूंची कल्पना केली गेली होती, त्यामुळे झाडे राखणे हा इथल्या वास्तुजतनाचाच भाग ठरतो.