लॉगिन होणं वेगळं आणि हात लावायची मुभा असणं वेगळं

मी कंपनीत आयटी सांभाळते, त्यामुळे सोमवारी सकाळी साडेनऊ ते अकरा माझा फोन थांबत नाही. विजय नगरच्या ऑफिसातून, पिथमपूरच्या स्टोअरमधून, सगळ्यांची एकच तक्रार, लॉगिन होत नाहीये. स्टोअरवाले तर अगदी इंदौरी थाटात सांगतात, "मॅडम, नी खुल रिया", आणि मी पहिला प्रश्न ठरलेला विचारते, भैया, स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते वाचून दाखवा. पासवर्ड चुकलाय असं आलं असेल तर तो एक आजार, अ‍ॅक्सेस डिनाइड आलं असेल तर तो अगदीच दुसरा आजार, दोन्हीची औषधं वेगळी. दुसऱ्या आजारात मी दहा वेळा पासवर्ड रीसेट करून दिला तरी तो फोल्डर उघडणार नाही, कारण पासवर्ड मुळात बिघडलेलाच नसतो.

या दोन गोष्टींची नावंही सारखीच वाटतात, ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन. घाईत दोन्हीला नुसतं ऑथ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिल्यात प्रश्न असतो, तू कोण? दुसऱ्यात, तू जो कोणी आहेस त्याला इथे काय काय करायची मुभा आहे? एवढंच आहे, पण ऑफिसात हे रोज गल्लत होऊन येतं म्हणून आमच्या घरातलं एक सांगते.

आईचा लॉकर राजवाड्याजवळच्या एका बँकेत आहे. दिवाळीच्या आधी ती ठुशी आणि मोहनमाळ काढायला जाते. रजिस्टरमध्ये सही करते, तिथला अधिकारी ती सही जुन्या नमुन्याशी ताडून बघतो, मग आत जाऊन आधी बँकेची किल्ली फिरवतो, नंतर आई आपली किल्ली फिरवते, आणि दार उघडलं की तो बाहेर निघून जातो. एका वर्षी आईचे गुडघे धरले होते म्हणून तिने मावशीला किल्ली देऊन पाठवलं. तो अधिकारी लोकमान्य नगरचाच, मावशीच्या गल्लीतला, गणपतीच्या आरतीला दरवर्षी शेजारी उभा राहणारा. ओळख पटवायचा प्रश्नच नव्हता, आधार कार्डसुद्धा मागायची गरज नव्हती. तरी त्याने हात जोडून सांगितलं, मावशी, तुमचं नाव या लॉकरवर नाही, मी नाही उघडू शकत. मावशी रागावून परत आली, दोन दिवस बोलत होती त्याबद्दल, पण तो माणूस शंभर टक्के बरोबर होता. ओळख पक्की होती, किल्ली हातात होती, आणि अधिकार नव्हता. माझ्या टीममध्ये नवीन मुलगा आला की मी त्याला हीच गोष्ट सांगते.

आता तुम्ही म्हणाल की एवढं सोपं आहे तर शिकलेली माणसं का चुकतात. एक कारण असं की ज्यांनी वेब घडवलं त्यांच्या शब्दांतच हा गोंधळ शिरलाय. वेबसाइटचा ४०१ नंबरचा एरर घ्या, त्याचं नाव अनऑथराइज्ड, पण त्याचा खरा अर्थ तुझी ओळख अजून पटलेली नाही, आधी लॉगिन कर. ओळख पटली पण मुभा नाही यासाठी वेगळा एरर आहे, ४०३, फॉरबिडन. आणि ज्या हेडरमधून (म्हणजे ब्राउझरच्या मागणीला जोडलेल्या चिठ्ठीतून) पासवर्ड किंवा टोकन (लॉगिननंतर मिळालेला डिजिटल पास) जातं त्या हेडरचं नाव काय, तर ऑथरायझेशन. मग नवीन पोरांनी गोंधळायचं नाही तर काय करायचं.

दुसरं उदाहरण ते 'गूगलने लॉगिन करा' बटणाचं. त्याच्या खाली ओऑथ २.० आहे, २०१२ चं स्टँडर्ड, आणि ते मुळात ओळख पटवायला बनलेलंच नव्हतं. माझा पासवर्ड न देता एका अ‍ॅपला माझ्या वतीने ठराविक गोष्टींची परवानगी देता यावी, एवढ्यासाठी ते होतं, म्हणजे सरळ ऑथरायझेशन. लोक त्याचा वापर लॉगिनसाठी करायला लागले, मग २०१४ मध्ये त्यावर ओपनआयडी कनेक्ट नावाचा ओळखीचा थर चढवला. हे माहीत असण्याचा फायदा काय, तर तुम्ही एखाद्या अ‍ॅपला 'माझे कॉन्टॅक्ट बघ, माझ्या फाइल्स वाच' अशी परवानगी दिलीत आणि नंतर घाबरून पासवर्ड बदललात तरी बऱ्याचदा ते अ‍ॅप मजेत चालू राहतं, त्याच्याकडे त्याचं टोकन आहे, त्याला तुमच्या पासवर्डशी देणंघेणं नाही. ती परवानगी सेटिंगमध्ये जाऊन वेगळी काढावी लागते.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की कंपन्या सगळा पैसा आणि सगळी ताकद दारावर लावतात. ओटीपी लावला, अंगठा लावला, दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावला (अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच ठराविक दिवसांनी बदलायला लावू नका, लोक शेवटचा आकडा वाढवतात आणि झालं), आणि दाराच्या आत गेल्यावर कोण कुठे फिरतंय याचा हिशोब कुणाकडेच नाही. वेब अ‍ॅप्समधल्या धोक्यांची ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची यादी बघा. २०१७ च्या यादीत ओळख पटवण्यातल्या चुका दुसऱ्या नंबरवर आणि अधिकार तपासण्यातल्या चुका पाचव्यावर होत्या. २०२१ च्या यादीत अधिकारवाल्या चुका पाचव्यावरून थेट पहिल्या नंबरवर आल्या आणि ओळखवाल्या सातव्यावर उतरल्या. म्हणजे दाराचं कुलूप सुधारलं, आतल्या खोल्या उघड्याच.

२०११ मध्ये सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डवाल्यांचं जे झालं त्यात हे अगदी उघड दिसतं. चोरांनी साइटवर नीट लॉगिन केलं, मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला खात्याचा नंबर बदलला, तर समोर दुसऱ्या माणसाचं खातं. प्रोग्राम लावून हेच हजारो वेळा केलं आणि ३ लाख ६० हजारांच्या आसपास खात्यांची माहिती गेली. हा लॉगिन केलेला माणूस याच खात्याचा मालक आहे का, हे सर्व्हरने विचारलंच नाही. आमच्या आईच्या बँकेतला तो अधिकारी तिथे बसलेला असता तर हे झालं नसतं, असं मला खरंच वाटतं.

आता ऑफिसातलं. आमच्याकडे अधिकार वाढतात कसे ते सांगते, कारण कुणी एका दिवसात कुणाला डोंगराएवढे राइट्स देत नाही. नवीन माणूस लागतो, एचआरचा मेल येतो, "अमक्याला जे आहे तेच याला द्या". आता त्या अमक्याला आठ वर्षं झाली, तो आधी अकाउंट्समध्ये होता, मग परचेसमध्ये गेला, मध्ये चार महिने कुणीतरी बाळंतपणाच्या रजेवर होतं म्हणून त्याने पेरोल सांभाळलं. प्रत्येक वेळी राइट्स मिळाले, काढले एकदाही नाहीत, कारण मिळाले नाहीत तर तो फोन करतो आणि काढायचे राहिले तर कुणीच फोन करत नाही. आणि आता त्याचा सगळा गोळा नव्या मुलाच्या आयडीला चिकटला, पहिल्या दिवशी. तो बिचारा प्रामाणिक आहे, पण त्याने एखाद्या खोट्या लिंकवर क्लिक केलं तर चोराच्या हातात एका माणसाचं नाही, तीन डिपार्टमेंटचं सामान पडतं.

बँकेत काम केलेल्या लोकांना मेकर-चेकर सांगावं लागत नाही. एकाने एंट्री टाकायची, दुसऱ्याने पास करायची. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही ते होतं, पण परचेसमध्ये बदली झालेल्या एकाच माणसाकडे नवीन व्हेंडर उघडायचा अधिकारही होता आणि जुना, अकाउंट्सचा, बिल पास करायचाही. त्याने काहीही वावगं केलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. पण ऑडिटरने ते बघितलं आणि पेन खाली ठेवलं. दोन वर्षं ते तसंच होतं आणि त्या दोन वर्षांत आम्ही ओटीपी किती कडक आहे याचं सगळ्यांना कौतुक सांगत होतो.

एक चूक माझ्या हातून झाली ती पण सांगते, कारण पुस्तकात हे लवकर सापडत नाही. एका माणसाची दुसऱ्या डिपार्टमेंटला बदली झाली, मी दुपारी बाराला त्याला पगाराच्या फोल्डरच्या ग्रुपमधून काढलं, साहेबांना मेल टाकला की काम झालं. संध्याकाळी पाचला तो स्वतःच येऊन म्हणाला, ताई, मला अजून सगळं दिसतंय. मला घाम फुटला. कारण असं की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये (ऑफिसातले आयडी आणि ग्रुप सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत) तुम्ही सकाळी लॉगिन करता तेव्हा तुम्हाला एक डिजिटल तिकीट मिळतं, कर्बरॉस नावाच्या पद्धतीचं, आणि तुम्ही कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये आहात ते त्या तिकिटावरच छापलेलं असतं. ते तिकीट मुळात १० तास चालतं. मी यादीतून नाव काढलं पण त्याच्या खिशात सकाळचं तिकीट होतं आणि दार तिकीट बघून उघडत होतं. नवीन राइट्स दिल्यावर आम्ही आयटीवाले 'एकदा लॉगऑफ करून परत लॉगिन करा' म्हणतो ते याचमुळे, देतानाही आणि काढतानाही. आता माझ्याकडे नियमच आहे, पगार किंवा बँकेशी संबंधित काही काढायचं असेल तर आधी त्या माणसाला समोर बसून लॉगऑफ करायला लावते.

नोकरी सोडून गेलेल्यांचं मात्र दोन्ही बाजूंनी बघावं लागतं, ओळखही मारायची आणि अधिकारही. मे २०२१ मध्ये अमेरिकेत सायबर हल्ल्यामुळे कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडली, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, कंपनीने ७५ बिटकॉइन, तेव्हाचे साधारण ४४ लाख डॉलर, खंडणी दिली. चोर आत आले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेने. ते खातं कुणी वापरत नव्हतं, पण बंदही केलं नव्हतं, आणि त्यावर नुसता पासवर्ड होता, ओटीपी वगैरे काही नाही. आमच्याकडे रिलीव्हिंग लेटरवर एचआर, अकाउंट्स, स्टोअर, सगळ्यांच्या सह्या लागतात, लॅपटॉपचा चार्जर परत आला का तेही बघतात, आणि आयडी बंद करायचं मेल शनिवारी सुटून जातं. सामान परत घेताय तसा आयडी पण सामानात धरा, असं मी भांडून भांडून ती ओळ फॉर्ममध्ये घातली.

सामायिक आयडी हा आणखी एक रोग. स्टोअरमध्ये एकच आयडी, तीन पाळ्या, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. इथे ओळखच मेली, मग अधिकार कितीही नेमके लावा, लावणार कुणाला? माल कमी निघाला तर लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याची नोंद, बघून काय कळणार, त्यात एकच नाव. सर्ट-इन या आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे की लॉग १८० दिवस सांभाळायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं, ते आम्ही सांभाळतोच, पण ज्या लॉगमध्ये माणूसच ओळखू येत नाही तो सांभाळून कुणाचं भलं. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, हा आकडा सांगितल्यावर मात्र मीटिंगमध्ये सगळे सरळ बसतात.

तुमच्या ऑफिसात कुठलं दुखणं आहे ते बघायचं असेल तर मला विचाराल तर मी आधी आतल्या खोल्यांपासून सुरू करीन. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या कॉम्प्युटर सुरक्षेच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की कामाला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत, आणि माणसाला न देता पदाला अधिकार द्यायची पद्धत १९९२ पासून कागदावर आहे. म्हणजे 'अमक्यासारखं' न म्हणता 'परचेस असिस्टंट' म्हणायचं आणि त्या पदाची यादी एकदाच नीट बसून करायची. कंटाळवाणं काम आहे हे मान्य.

गेल्या शनिवारी मी तेच केलं. अकाउंट्समधल्या ताईंच्या शेजारी खुर्ची घेतली, त्यांच्या आयडीवरचे सगळे राइट्स कागदावर छापून आणले होते, ४१ ओळी. चहा मागवला आणि एकेक ओळ वाचत गेलो, ताई, हे लागतं का? पहिल्या दहा ओळींत त्या जरा दुखावल्या होत्या, म्हणाल्या तुला माझ्यावर शंका आहे का गं. मी त्यांना मावशीच्या लॉकरची गोष्ट सांगितली. मग त्यांनी स्वतःच माझ्या हातातून लाल पेन घेतलं आणि जी बंद झालेली ब्रांच होती तिच्या सगळ्या ओळी खोडल्या, मग पेरोलच्या, मग एक अशी होती जी आम्हा दोघींनाही कळेना कशासाठी आहे, ती पण खोडली. पावणेदोनला कागदावर १३ ओळी उरल्या होत्या, ताईंनी खाली तारीख घालून सही केली, आणि सोमवारी त्यांचं कुठलंच काम अडलं नाही.