अतिवृद्धांमधील चिंता

साधारणपणे वयाच्या ८०-८५ वर्षांपुढे दिसणारी सततची धास्ती, हुरहूर आणि त्यांसोबतच्या शारीरिक तक्रारी. चिंताविकाराचे रीतसर निदान या वयात मध्यमवयापेक्षा कमी वेळा होते. त्यावरून चिंताच कमी असते, असे मानणे घाईचे ठरेल. या वयाची माणसे ‘मला भीती वाटते’ असे सहसा म्हणत नाहीत. धडधडते, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, एवढेच सांगतात. घरचे ते वयावर ढकलतात.

आयुष्यात पहिल्यांदाच ऐंशीनंतर चिंता उद्भवली, तर आधी शरीराकडे पाहावे लागते. थायरॉइडचा अतिरेकी स्राव, हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसांचे जुनाट विकार यांची लक्षणे चिंतेसारखीच असतात. दम्याचे सालब्युटामॉल, स्टेरॉइड किंवा थायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधाची जादा मात्रा यांनीही अस्वस्थता वाढते. झोपेची जुनी गोळी एकाएकी बंद केली तरी तेच. त्यामुळे मनाची चौकशी करण्याआधी औषधांचा डबा उघडून पाहणे शहाणपणाचे. नैराश्य आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात याही शक्यता असतात. स्मृतिभ्रंशात दिवस कलू लागला की अनेकांची घालमेल वाढते.

पडण्याची भीती हा या वयातला खास प्रकार. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तिच्या मोजमापासाठी १० प्रश्नांची श्रेणी मांडली. न पडता आंघोळ करता येईल, खुर्चीतून उठता येईल, कपडे घालता येतील, याचा किती भरवसा वाटतो, असे ते प्रश्न आहेत. कधीच न पडलेल्यांनाही ही भीती ग्रासते. भीतीपायी हालचाल घटते, पायांतले बळ जाते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो.

ऐकू कमी आले की आपल्याविषयीच कुजबुज चालली आहे, असा संशय बळावतो. दृष्टी अधू झालेल्या काहींना नसलेली माणसे व नक्षी दिसतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या वृद्ध आजोबांबाबत हे नोंदवले; आजोबांची बुद्धी शाबूत होती. वेड्यात काढतील या धास्तीने असे रुग्ण गप्प राहतात. हा दृष्टीचा दोष आहे, वेड नव्हे, एवढे समजले तरी पुष्कळांचा घोर कमी होतो. समवयस्क एकेक करून जाणे, एकटेपणा, पैशाची विवंचना यांची भर असतेच. मात्र मरणापेक्षा अंथरुणाला खिळण्याचा आणि दुसऱ्यावर भार होण्याचा धसका अनेकांना अधिक असतो. त्याला विकार म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

निदानासाठी २००७ मधील २० विधानांची वृद्धचिंता-प्रश्नावली वापरतात. बेंझोडायझेपिन गटातील, म्हणजे मन शांत करणाऱ्या व झोप आणणाऱ्या, गोळ्यांनी तात्पुरता उतार पडतो, पण तोल जाणे आणि गोंधळ उडणे वाढते. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांच्या ‘बीअर्स’ निकषांत त्यांचा समावेश आहे. नैराश्यरोधक औषधे अल्प मात्रेने सुरू करतात व रक्तातील सोडियम घटत नाही ना, यावर लक्ष ठेवतात. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांची व वागण्याची सवय बदलणारे संवादातून केलेले उपचार, या वयातही लागू पडतात. सत्रे आटोपशीर, मजकूर ठळक आणि उजळणी जास्त ठेवावी लागते. तोल सुधारणारे व्यायाम, योग्य श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचाही उपचारात विचार होतो.